पेंग्विन आणि महापौर : म्युनिकची गोष्ट

१४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख लक्षात आहे? त्या दिवशी विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट संपला. विंडोज ११ टाकायचं तर टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर हवा. म्हणजे काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत चालणारा लॅपटॉप आज सकाळी म्हातारा! फोनच्या बाबतीत आपण हे इतक्या वेळा पाहिलंय की आता रागही येत नाही. पण एका अख्ख्या शहराला याचा राग आला होता. आजची गोष्ट त्या शहराची, म्हणजे जर्मनीतल्या म्युनिकची.

२००० नंतरची सुरुवातीची वर्षं. म्युनिक महापालिकेत सुमारे १४,००० संगणक होते आणि त्यांवर विंडोज एनटी ४ चालत होतं. मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की एनटी ४ चा सपोर्ट आता बंद होणार. महापालिकेला ते संगणक बदलायची घाई नव्हती, पण कॅलेंडर दुसऱ्याच्या भिंतीवर लटकलेलं होतं ना! तेव्हा कुणीतरी विचारलं, बदलायचंच आहे तर लिनक्स का नको?

ही कुणकुण मायक्रोसॉफ्टपर्यंत गेली. मार्च २००३ मध्ये कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वित्झर्लंडमधली स्कीइंगची सुट्टी अर्धवट सोडून महापौर ख्रिस्तियान ऊडे यांना भेटायला आले. एका महापालिकेसाठी! किंमत चांगलीच खाली आली. बातम्यांनुसार कपात ३५ टक्क्यांच्या घरात होती. तरीही २८ मे २००३ ला नगरसभेने लिनक्सच्या बाजूने मत दिलं.

आता इथे जरा थांबू या, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. लिनक्स म्हणजे फुकट, म्हणून घेतलं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मायक्रोसॉफ्टच्या शेवटच्या ऑफरपेक्षा लिनक्सचा प्रस्ताव महाग होता. पुढे ऊडे यांनी एक किस्सा सांगितला. बिल गेट्स यांनी त्यांना गाडीत विचारलं, हे सगळं कशासाठी? ऊडे म्हणाले, स्वतंत्र होण्यासाठी. कुणापासून, तर तुमच्यापासूनच! किस्सा ऊडे यांच्या बाजूने सांगितलेला आहे, तेव्हा थोडं मीठमसाला धरून ऐका. पण जास्त पैसे मोजण्यामागचं कारण तेच होतं.

प्रकल्पाचं नाव लिमक्स. काम सोपं नव्हतं. २००४ मध्ये सॉफ्टवेअर पेटंटच्या भीतीने काही काळ गाडी थांबली आणि पहिले संगणक बदलायला २००६ उजाडलं. खरी डोकेदुखी ऑपरेटिंग सिस्टिमची नव्हतीच. प्रत्येक खात्याचा आयटी विभाग वेगळा, प्रत्येकाचे फॉर्म वेगळे, वर्डमधले मॅक्रो वेगळे, आणि ते कुणी लिहिले हे कुणालाच आठवत नाही. (सरकारी कचेरीत काम केलेल्यांना चित्र दिसलं असेल.) त्या हजारो फॉर्म आणि पत्रांच्या नमुन्यांना शिस्त लावायला महापालिकेने वोलमक्स नावाचं स्वतःचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि ते सगळ्यांसाठी खुलं केलं.

डिसेंबर २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर आले. १ कोटी युरोंहून जास्त वाचले, असा शहराचा हिशेब. मायक्रोसॉफ्टने एचपीकडून करून घेतलेल्या अभ्यासात मात्र नेमका उलटा हिशेब निघाला! त्याच सुमारास विंडोज एक्सपीचा सपोर्ट बंद होणार होता, तेव्हा महापालिकेने नागरिकांना सार्वजनिक वाचनालयातून लुबुंटूच्या सीडी वाटायचं ठरवलं. जुना संगणक फेकू नका, यावर चालवून बघा. मला या अख्ख्या गोष्टीतला सगळ्यात आवडता प्रसंग हाच.

आणि मग २०१४ मध्ये महापौर बदलले. नवे महापौर डीटर रायटर यांची तक्रार होती की फोनवर ऑफिसची मेल लवकर सुरू होत नाही. त्याचा डेस्कटॉपवरच्या लिनक्सशी संबंध नव्हता, पण साहेब नाराज म्हटल्यावर खापर कुणावर फुटणार? पेंग्विनवर! अ‍ॅक्सेंचर कंपनीकडून अहवाल मागवला गेला. त्यातही आयटी खात्यांची विस्कळीत रचना हा मोठा प्रश्न असल्याचं म्हटलं होतं. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टचं जर्मनीतलं मुख्यालय शेजारच्या गावातून म्युनिक शहरात आलं. त्याचा या निर्णयाशी संबंध नाही, असं सांगितलं गेलं. तुम्हाला काय वाटतं, ते कमेंटमध्ये लिहा.

नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरसभेने परतीचा निर्णय घेतला. खर्च सुमारे ५ कोटी युरो. आणि परत कशावर जायचं ठरलं? विंडोज १० वर. हो, तेच, ज्याच्या तारखेने आपण सुरुवात केली.

लिनक्सवाल्यांची चूक नव्हती असंही नाही. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या, बाहेरच्या कार्यालयांकडून आलेल्या वर्ड फायली नीट उघडत नव्हत्या, आणि त्या कंटाळवाण्या त्रासाकडे वेळेत लक्ष गेलं नाही.

जर्मनीच्या उत्तरेला श्लेस्विग-होल्स्टाइन नावाचं राज्य आहे. त्यांनी २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांवर लिब्रेऑफिस आणायचं जाहीर केलं, लिनक्सवर जायची तयारीही सुरू केली. त्यांनी सुरुवात कुठून केली बघा : आधी ऑफिसच्या फायली, मग मेल, आणि ऑपरेटिंग सिस्टिम त्यानंतर.