बांगडीची निशाणी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा प्रथम मी नकारच देणार होते. पाककृती आणि भरतकाम यांवर लिहिणाऱ्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत, आणि त्या माझ्याहून चांगले लिहितात. परंतु गेली दोन वर्षे मी एका वेगळ्याच उद्योगात गुंतले होते. त्याची हकीकत सांगितली तर कदाचित आणखी चार घरांतल्या ट्रंका उघडल्या जातील, असे वाटले. म्हणून हा लेख.

राजेरजवाड्यांचा इतिहास बखरींत सापडतो. देशमुख-देशपांड्यांचा सनदांत सापडतो. पण ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कुदळ, फावडे आणि झाडू याखेरीज दुसरे काही नव्हते, त्यांचा इतिहास कोठे शोधावा? आमचे सासरचे घराणे अशांपैकीच. १९५६ नंतर आमच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला. त्यापूर्वी परभणी जिल्ह्यातल्या एका लहानशा गावी महारकीचे काम पिढीजात आमच्याकडे होते, एवढेच ऐकून माहीत होते. घरातल्या वडील मंडळींच्या इच्छेवरून गावाचे आणि माणसांची नावे येथे देत नाही.

सुरुवात झाली ती सासूबाईंच्या ट्रंकेपासून. त्या आता ९२ वर्षांच्या आहेत. ट्रंकेत लुगड्याखाली एक पिवळा पडलेला इंग्रजी कागद होता. सासूबाईंचे सासरे रेल्वेत गँगमन होते, त्यांच्या नोकरीचा तो दाखला. नोकरीस लागल्याचे साल १९०१, वय १८, आणि खाली अंगठा. मनमाडहून परभणीमार्गे सिकंदराबादेस जाणारी हैदराबाद–गोदावरी खोऱ्याची मीटरगेज लाइन १९०० च्या सुमारास सुरू झाली. तेव्हा निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वेकडे तिचा कारभार होता. म्हणजे लाइन नवी असतानाच हे गृहस्थ तिच्यावर खडी टाकावयास लागले. पण त्याच्या आधी काय? १९०१ च्या मागे आमच्या घराला जणू भिंतच होती.

चौकशी करू लागले तेव्हा पहिली गोष्ट कळली ती अशी. इंग्लंडात १८३७ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद आहे, आणि १८४१ च्या खानेसुमारीपासून घरोघरच्या माणसांची नावे असलेले कागद जपून ठेवलेले आहेत. तिथल्या गिरणीकामगाराच्या नातवाला आपल्या पणजीचे नाव आणि तिचा धंदा त्यात सापडतो. आपल्याकडे हैदराबाद संस्थानची पहिली खानेसुमारी १७ फेब्रुवारी १८८१ रोजी झाली. त्या दिवशी आमच्या घरीही कोणीतरी येऊन माणसे मोजून गेला असेल. पण आकड्यांची बेरीज झाल्यावर घरोघरचे कागद राखण्याचा रिवाज नव्हता. माणसे गेली, बेरीज उरली.

दुसरी गोष्ट ऐकून तर मी थक्क झाले. १८३४ पासून मॉरिशस बेटावर उसाच्या मळ्यांत काम करण्यासाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती. त्या प्रत्येकाचे नाव, वय, उंची, जात, गाव आणि जहाज, सर्व काही वहीत नंबर घालून लिहिलेले आहे, आणि त्या वह्या आजही शाबूत आहेत. समुद्रापार मजूर म्हणून गेलेल्याची नोंद राहिली; गावातच राहून राबणाऱ्याची कोणाला गरज वाटली नाही.

मग गावातल्या मजुराची नोंद कोठेच नसते का? असते, पण ती त्याच्यासाठी केलेली नसते. जमिनीच्या कागदात खातेदाराचे नाव असते, सालगड्याचे नसते. तथापि गावकीचे काम करणाऱ्यांना पूर्वी थोडी इनाम जमीन असे, तिला निजामी कागदांत बलुता इनाम म्हणत. महारांच्या त्या जमिनीला आपण हाडोळा म्हणतो. सरकारला त्या कामाची गरज होती, आणि म्हणून काम कोणाकडे आहे याचा हिशेब ठेवावा लागे. ज्या वतनाने आमच्या माणसांना बांधून ठेवले, त्याच वतनाने त्यांची नावे कागदावर राखली. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल आणले, ते याच बांधिलकीतून माणसे सोडवण्यासाठी. ही गोष्ट मनात ठेवूनच मी शोधाला लागले.

आता निजामी कागदांविषयी थोडे सांगते, कारण तेथेच बहुतेकांचे पाऊल अडते. १८५३ ते १८८३ पर्यंत पहिले सालारजंग हैदराबादचे दिवाण होते. त्यांनी १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार आणि तालुक्यावर तहसीलदार नेमले. तेव्हापासून कागदांना काही शिस्त आली. सरकारी भाषा प्रथम फारसी होती. १८८४ च्या सुमारास तिच्या जागी उर्दू आली. पण गावचा कुलकर्णी लिही तो मराठीतच, आणि तेही मोडी लिपीत. म्हणून एकाच मिसलीत वरचा हुकूम उर्दूत आणि आतले गावचे कागद मोडीत असे सापडतात. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढीत आणि तिला अक्षरे टांगीत जात. शब्द सुटे करीत नसत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नसत. पाहताक्षणी सारे पान एकच लांब शब्द वाटते.

सालही इंग्रजी नसते, फसली असते. फसली सनात ५९० मिळवले म्हणजे ते वर्ष ज्या इंग्रजी सालात सुरू झाले ते साल मिळते. उदाहरणार्थ, १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. याच सालाच्या अखेरीस, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, मराठवाडा मुक्त झाला. महिन्यांची नावेही आझूर, दय, बहमन अशी फारसी.

२०२३ साली शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी मराठवाड्यात गावोगावची जुनी दप्तरे बाहेर निघाली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मान आला. आमचे काम त्या नोंदींशी नव्हते, पण धूळ झटकलेल्या गाठोड्यांचा फायदा आम्हालाही झाला. तरी सगळे सोपे गेले असे नाही. एका कचेरीत चार खेपा घातल्या. पाचव्या खेपेस तेथल्या कारकुनाने विचारले, “बाई, तुम्हाला सर्टिफिकेट हवे आहे का? मग एवढा खटाटोप कशाला?” मी म्हटले, “आजेसासूबाईंचे नाव हवे आहे.” तो माझ्याकडे बघत राहिला, पण नंतर गाठोडे काढून त्याने दिले.

त्यात एक विरासतीची मिसल निघाली. साल १२९६ फसली, म्हणजे १८८६-८७. गावच्या महारकीतला एक वाटेकरी मयत झाला, त्याच्या जागी कोण, हा प्रश्न. मयताच्या नावाला शेवटी ‘नाक’ जोडलेले होते. जुन्या कागदांत महारांच्या नावांची ही खूण असते. कोरेगावच्या जयस्तंभावरही अशी नावे कोरलेली आहेत. वारस म्हणून मुलगा दाखवला होता, वय ९. त्याचे नाव आमच्या गँगमन आजोबांचे होते.

नावावरून हुरळून जाऊ नये, असे मोडी वाचून देणाऱ्या गुरुजींनी मला आधीच बजावले होते. एकाच गावात एका नावाची तीन माणसे असतात. म्हणून आम्ही पडताळे पाहिले. नोकरीच्या दाखल्यावर बापाचे नाव होते. ते मयताच्या नावाशी जुळले, फक्त ‘नाक’ गळले होते. मिसलीत हाडोळ्याची चतुःसीमा होती, एका बाजूला ओढा आणि दुसऱ्या बाजूला पांढरी. सासूबाई नव्या नवरी असताना त्यांच्या सासऱ्यांनी ‘आपला ओढ्याकडचा तुकडा’ म्हणून जे शेत लांबून दाखवले होते, ते हेच. वय मात्र जुळेना. मिसलीप्रमाणे त्यांचा जन्म १८७७-७८ चा, म्हणजे १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळातला. दाखल्याप्रमाणे १८८३ चा. पण सासूबाई म्हणाल्या, “मामंजी म्हणायचे, मी दुष्काळातलं पोर.” तेव्हा मिसलच खरी असली पाहिजे. नोकरीच्या वेळी साहेबाने तोंडाकडे पाहून वय मांडले असेल, किंवा यांनीच कमी सांगितले असेल.

आता मुख्य गोष्ट. मुलगा नऊ वर्षांचा. मग तोवर गावकीचे काम कोण करणार, असे तहसीलदाराने विचारले होते. त्यावर मुलाच्या आईची जबानी मोडीत घेतलेली आहे. दीर पाळीचे काम करील, चावडीची झाडलोट आपण स्वतः करू, मुलगा जाणता झाल्यावर काम त्याचे त्याला द्यावे, असा तिचा आशय. जुन्या कागदांत पुरुषाच्या नावापुढे ‘बिन’ किंवा ‘वल्द’ लिहून बापाचे नाव देतात. बाईच्या नावापुढे ‘कोम’ लिहून नवऱ्याचे. पण ‘कोम’च्या आधी तिचे स्वतःचे नाव आहे. आणि शेवटी, सहीच्या जागी, एक लहानसे वर्तुळ. शेजारी कुलकर्ण्याने लिहिले आहे: निशाणी बांगडी.

ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्या सहीऐवजी अशी निशाणी काढीत. कुणब्याची नांगर, बाईची बांगडी. ही बाई तेव्हा विधवा होती. पण कागदावर तिची खूण बांगडीच राहिली. गुरुजींनी ते शब्द वाचले, तेव्हा मला काही वेळ पुढचे काही ऐकू आले नाही.

त्यानंतरचा कागद नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळाने आणि त्याबरोबरच्या रोगराईने आपल्या जिल्ह्याचे फार नुकसान केले. १८९१ साली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८ लाख ५ हजार होती. १९०१ साली ती सुमारे ६ लाख ४६ हजार भरली. तेव्हाच्या जिल्ह्यात हिंगोलीकडचा भागही होता. तो १९९९ साली वेगळा झाला. दहा वर्षांत पाचातला एक माणूस कमी. त्या कमी झालेल्यांत ही बाई होती की मुलाबरोबर ती रेल्वेच्या खोपटात राहावयास गेली, हे कागद सांगत नाही, आणि मीही कल्पनेने भरणार नाही. मुलगा मात्र १९०१ मध्ये लाइनीवर दिसतो. झाडू आणि पाळी सोडून तो महिन्याच्या पगारावर गेला. त्याच पगारावर पुढे माझे सासरे शाळेत गेले.

हे सर्व घेऊन घरी आले, तेव्हा सासूबाई प्रथम रागावल्या. “ते जोखड टाकून दिलं ना आपण? मग उकरतेस कशाला?” त्यांचे म्हणणे मला खोटे वाटले नाही. ज्यांनी ते सोसले त्यांना ते विसरण्याचा हक्क आहे. मी फक्त नक्कल त्यांच्यापुढे ठेवली आणि ते वर्तुळ दाखवले. त्यांनी त्यावर बोट फिरवले. मग म्हणाल्या, “नाव परत वाच.” मी वाचले. त्या रात्री त्यांनी मला मामंजींच्या आणखी चार गोष्टी सांगितल्या, ज्या ७५ वर्षांत कोणाला सांगितल्या नव्हत्या.

आपल्या गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दळण-कांडण करीत होती. कोणत्याही दप्तरात तिची नोंद नाही. आपले नाव तिने स्वतःच आपल्या अभंगांत घातले, म्हणून ते राहिले. सगळ्यांना अभंग रचता येत नाहीत. कोणाची नुसती बांगडी उरते.

भगिनींनो, माझे सांगणे एवढेच. घरात वृद्ध माणूस असेल तर आजच त्याच्याजवळ बसा आणि तो सांगेल ते तारीख घालून लिहून ठेवा. शेतांची आणि ओढ्यांची नावे विचारा. कागदाची ओळख पुष्कळदा त्यांवरूनच पटते. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरापासून सुरुवात करा आणि एकेक पिढी मागे जा; उडी मारू नका. तीन पडताळे जुळल्याशिवाय कोणाला आपला पूर्वज म्हणू नका. आणि बायकांची नावे मुद्दाम विचारा, कारण ती कोणी आपण होऊन सांगत नाही. आमच्या घरातल्या सर्वांत धाकट्या पणतीच्या वहीत आता आमची पाच पिढ्यांची वंशावळ आहे. तिच्यात पुरुषांच्या नावांइतकीच बायकांची नावे आहेत, आणि सर्वांत वर एक बांगडी काढलेली आहे.