ढोलकी एक, साज अनेक

एकाच जातीची कथा पुन्हा पुन्हा पडद्यावर येते आणि दर वेळी तिला निराळा संगीतकार लाभतो, तेव्हा श्रोत्याला तुलनेची फार चांगली संधी मिळते. कथेचा साचा ओळखीचा असतो, प्रेक्षकांची अपेक्षाही ठरलेली असते. बदलतो तो काळ आणि बदलतात त्या काळाचे कान. अशा वेळी वारशाने आलेले काय टिकले आणि नव्याने काय आले, हे स्पष्ट ऐकू येते.

इंग्रजी चित्रसृष्टीत याचे ठळक उदाहरण म्हणजे जेम्स बाँड या गुप्तहेराची चित्रपटमालिका. १९६२ साली ‘डॉ. नो’ प्रदर्शित झाला आणि २०२१ पर्यंत मूळ निर्मितीसंस्थेने या मालिकेचे पंचवीस चित्रपट काढले. नायकाची भूमिका करणारे नट बदलले, दिग्दर्शक बदलले, संगीतकारही बदलले. परंतु पहिल्या चित्रपटातील एक धून कायम राहिली. तिचे कर्ते मॉन्टी नॉर्मन. गंमत अशी की, त्रिनिदादमधील एका भारतीय कुटुंबावर व्ही. एस. नायपॉल यांनी लिहिलेल्या कादंबरीवरून एक संगीतनाटक योजले होते. या धुनेचा मूळ सूर नॉर्मन यांनी त्यासाठी बांधला होता. ते नाटक रंगभूमीवर आलेच नाही. सूर मात्र गुप्तहेराच्या कामी आला. त्याला गिटार आणि पितळी वाद्यांचा साज चढवला तो जॉन बॅरी यांनी. बॅरी हे यॉर्क शहरातले. वडिलांची चित्रपटगृहे होती आणि संगीताचे धडे त्यांनी तेथील मिन्स्टरचे ऑर्गनवादक फ्रान्सिस जॅक्सन यांच्याकडे घेतले होते. पुढे या मालिकेतील अकरा चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. त्यांच्यानंतर आणि मधल्या काळातही इतर आले. १९७३ साली जॉर्ज मार्टिन यांनी रॉक संगीताचा ठेका आणला, १९७७ साली मार्विन हॅमलिश यांनी त्या दिवसांतील डिस्कोचा, १९९७ पासून डेव्हिड अर्नोल्ड यांनी विद्युत्-ध्वनींचा. प्रत्येकाने त्या जुन्या धुनेला नवे वस्त्र नेसवले. टाकून मात्र कोणी दिले नाही.

ही धून नक्की कोणाची, यावरून वादही झाला. तिचे खरे जनक बॅरी होत, असे एका मोठ्या लंडनच्या वृत्तपत्राने छापले. नॉर्मन यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि २००१ साली तो जिंकला. सूर बांधणारा एक, सजवणारा दुसरा, आणि दोघांमधला वाटा ठरवायला न्यायालय! ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

मराठीत गुप्तहेराची अशी मालिका नाही. परंतु बाँडपटांहूनही जुनी एक परंपरा आपल्याकडे आहे, ती तमाशापटांची. तिच्यात एकच नायक नाही, एकच निर्माता नाही. तरीही फड, नाचणारीण, तिच्यापायी वाताहत झालेला पुरुष आणि भोवतीचे गाव हा साचा तोच राहिला. बाँडपटांत ती धून करते, ते काम येथे ढोलकी करते. पडदा काळा असतानाच ढोलकीवर थाप पडली, की पुढे काय येणार हे प्रेक्षकाला कळते. ही ढोलकी कोठून आली हे पाहायचे, तर पुणे-नाशिक रस्त्याने मंचर ओलांडून जुन्नर तालुक्यातील नारायणगावला जावे लागते.

शिवनेरीच्या पायथ्याच्या मुलखात, मीना नदीच्या काठी वसलेले हे गाव ‘तमाशाची पंढरी’ म्हणून ओळखले जाते. चैत्र-वैशाखातील जत्रांचे दिवस जवळ आले, की येथे फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. जुन्नर-आंबेगावचीच नव्हे, तर दूरदूरच्या जिल्ह्यांतील गावकारभारी मंडळी येथे येतात, फडमालकाशी बोलणी करतात आणि आपल्या देवाच्या जत्रेसाठी सुपारी देऊन जातात. विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) याच गावचे नाव लावीत. आजोबांपासून चालत आलेला फड, वडील आणि चुलते यांच्या भाऊ-बापू या जोडनावाने गाजलेला. त्यात विठाबाई लहानपणीच उभ्या राहिल्या. १९५७ आणि १९९० अशी दोनदा त्यांना राष्ट्रपतिपदके मिळाली. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचल्या, मध्येच पडद्यामागे जाऊन प्रसूत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांचे अखेरचे दिवस मात्र विवंचनेत गेले. मृत्यूनंतर काही वर्षांतच राज्य शासनाने तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्काराला त्यांचे नाव दिले.

या फडाचे संगीत कसे असते? ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज ही मुख्य वाद्ये. ढोलकीच्या एका तोंडाला शाई असते, ते उंच स्वरात कडाडते. दुसरे धुमाचे, ते घुमते. हलगी त्या कडाडण्याला धार लावते. तुणतुण्याची एकच तार अखंड स्वर धरून ठेवते. गाणारीच्या मागे झीलकरी उभे राहतात आणि ध्रुवपदाचा शेवट टिपेच्या आवाजात उचलून धरतात. हा टिपेचा आवाज हौसेचा नव्हे, गरजेचा आहे. उघड्या माळावर, ध्वनिक्षेपकाशिवाय, हजारो माणसांच्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवायचा होता. गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग हा क्रमही रात्रभर माणसे बसवून ठेवण्यासाठी घडला. यांतले काहीही कागदावर लिहिलेले नसते. ढोलकीवाला नाचणारीच्या पायाकडे पाहतो आणि तिचा पाय त्याच्या हाताकडे. दोघांत स्वरलिपीला जागाच नाही.

आता चित्रपटांकडे वळू. राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’ १९४७ साली आला. पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहिराचे हे चरित्र, गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाई यांचे, आणि नायक जयराम शिलेदार. शिलेदार हे संगीत रंगभूमीचे गायकनट. साहजिकच येथील लावणीला नाट्यगीताचे वळण आहे. शब्द तमाशातला, पण गळा नाट्यगृहातला. फडावरची लावणी आधी उंबरठ्याबाहेर उभी होती. शिष्टसंमत नाट्यसंगीताचा हात धरून ती या चित्रपटात मध्यमवर्गाच्या घरात आली. या प्रवेशासाठी तिला थोडी कात टाकावी लागली, हेही खरे.

बारा वर्षांनी, १९५९ साली, अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. पुण्याच्या ‘विजयानंद’ चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला. हंसा वाडकर यांच्या आत्मचरित्रालाही पुढे याच चित्रपटाचे नाव मिळाले. संगीत वसंत पवार यांचे. येथे एक मोठा बदल ऐकू येतो. जयश्री गडकरांच्या नृत्याने गाजलेली बुगडीची लावणी आशा भोसले गातात तेव्हा आवाज टिपेला जात नाही. तो मायक्रोफोनच्या अगदी जवळ येतो. लाडिक हुंकार, अर्धवट सोडलेला शब्द, श्वासातले हसू हे सारे आता शेवटच्या रांगेतही ऐकू जाऊ शकते. माळावर जे डोळ्यांनी आणि हातवाऱ्यांनी सांगावे लागे, ते येथे गळा सांगू लागला. लावणीची ही नजाकत चित्रपटाने दिलेली आहे, आणि ती देणगी नाकारण्याचे कारण नाही. पण तिच्याबरोबर झीलकरी मागे पडला. त्याच्या जागी व्हायोलिने आली.

या व्हायोलिनांविषयी थोडे सांगणे आपल्या वाचकांच्या दृष्टीने अगत्याचे आहे. त्या काळी मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत स्वरलिपी वाचून वाजवणारे वादक मोठ्या संख्येने गोव्याचे कॅथलिक होते. चर्चला जोडलेल्या शाळांत लहानपणीच त्यांना स्वरलेखनाचे आणि व्हायोलिनचे धडे मिळालेले असत. संगीतकार चाल बांधी. ती चाळीस-पन्नास वाद्यांत वाटून देण्याचे काम सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे संयोजक करीत. गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे. प्यारेलाल त्यांचे शिष्य. त्यांचे नाव १९७७ च्या एका हिंदी गाण्यामुळे घराघरात गेले, परंतु त्या नावाचा खरा माणूस आहे हे ठाऊक असलेले थोडेच. म्हणजे पडद्यामागे दोन अनामिक परंपरा एकत्र येत होत्या. एक फडावरची, कानांनी शिकलेली. दुसरी चर्चच्या शाळेतली, कागदावरून शिकलेली. हिंदी असो वा मराठी, श्रेयनामावलीत या दोघींना जागा क्वचितच मिळाली.

१९७२ साली व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ आला. कथेचे मूळ ‘द ब्लू एंजल’ या १९३० च्या जर्मन चित्रपटात. पण जगदीश खेबुडकरांचे शब्द आणि राम कदम यांचे संगीत यांनी ती पुरती मराठी मातीतली करून टाकली. येथे ढोलकी केवळ नृत्याची साथ करीत नाही. आदर्श शिक्षकाच्या अधःपाताची ती साक्षीदार होते. उषा मंगेशकरांच्या आवाजातील लावण्यांचा ठसका फडाच्या अधिक जवळचा आहे. राम कदमांनी पवारांची नजाकत थोडी बाजूला ठेवून ठेक्याला पुन्हा पुढे आणले. आणि नायकाच्या विटंबनेच्या क्षणी विष्णू वाघमारे यांचा आवाज येतो, तेव्हा तो एखाद्या रस्त्यावरच्या गायकाचा वाटतो, बाहेरून पाहणाऱ्याचा. माणूस कोसळतो आणि लोकगीत त्याच्याकडे पाहत पुढे जाते.

याच जागेशी ‘नटरंग’ची तुलना करावी. आनंद यादव यांच्या कादंबरीवरचा रवी जाधव यांचा हा चित्रपट १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला. येथेही नायक कोसळतो. तमाशाच्या वेडापायी नाच्या झालेला गुणा सर्वस्व गमावून बसतो. त्या क्षणी गुरू ठाकूर यांच्या शब्दांना अजय-अतुल जी चाल देतात, ती बाहेरून पाहणाऱ्याची नाही. अजय गोगावले स्वतः गातात, आवाज टिपेला नेतात, आणि मागे तंतुवाद्यांचा मोठा मेळ उभा राहतो. गुणाचे दुःख आता पाहिले जात नाही, भोगले जाते. माझ्या मते येथे एक विलक्षण गोष्ट घडली आहे. ‘सांगत्ये ऐका’त हरवलेला झीलकऱ्याचा उंच सूर पन्नास वर्षांनी परत आला, आणि तोही ज्याने त्याला हुसकावले त्या व्हायोलिनांच्याच खांद्यावर बसून.

हा योगायोग नव्हे. अजय आणि अतुल यांचे वडील महसूल खात्यात नोकरीला होते. बदल्यांमुळे दोघा भावांचे बालपण शिरूर, राजगुरुनगर, जुन्नर अशा पुणे जिल्ह्यातील गावांत गेले. म्हणजे जत्रांच्या आणि फडांच्या मुलखातच त्यांचे कान तयार झाले. २००९ च्या ‘जोगवा’च्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१६ च्या ‘सैराट’साठी त्यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी ध्वनिमुद्रणगृहात तिथल्या वाद्यवृंदाकडून स्वरलिपीवरून संगीत वाजवून घेतले. २०२२ च्या ‘चंद्रमुखी’त ते पुन्हा तमाशाकडे आले. लिहिलेले आणि न लिहिलेले अशी दोन्ही संगीते एकाच कानात नांदू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

तेव्हा या चार-पाच चित्रपटांच्या तुलनेतून काय निष्पन्न होते? साज प्रत्येकाने बदलला. देसाईंनी नाट्यगीत आणले, पवारांनी मायक्रोफोनची जवळीक, कदमांनी ठसका, अजय-अतुल यांनी वाद्यवृंदाचा विस्तार. ढोलकी कोणालाही टाकता आली नाही. जी गोष्ट टाकता येत नाही, तिच्यातच त्या परंपरेचा प्राण असतो.

परंतु येथेच लंडनच्या त्या दाव्याची आठवण होते. तेथे एका धुनेचा मालक ठरवण्यासाठी न्यायालय बसले. नारायणगावच्या ढोलकीचा मालक कोण? कोणत्या फडावर, कोणत्या ढोलकीवाल्याच्या बोटांतून तो तोडा प्रथम निघाला, हे सांगणारा कागद नाही. त्यामुळे दावाही नाही आणि वाटाही नाही. चित्रपटांनी फडाकडून ठेका घेतला आणि लावणीला नवी प्रतिष्ठा दिली, हे मान्य केले पाहिजे. पण ती प्रतिष्ठा राहुटीपर्यंत क्वचितच पोहोचली. विठाबाईंच्या अखेरच्या दिवसांनी हेच सांगितले.

आणखी एक उलटी गंगा वाहू लागली आहे. आज जत्रेतला प्रेक्षक फडाकडे चित्रपटातील लावणी मागतो. वगाचा वेळ आक्रसतो, गण-गौळण घाईत उरकली जाते आणि उरलेली रात्र सिनेमाच्या गाण्यांवर जाते. ज्या फडाने पडद्याला ढोलकी दिली, तो आता पडद्याची नक्कल करून पोट भरतो. उगमच नदीच्या पाण्यावर जगू लागला, तर पुढच्या पिढीच्या संगीतकाराने घागर कोठे बुडवावी?

याचे उत्तर संगीतकारांपेक्षा श्रोत्यांच्या हाती अधिक आहे. जुन्नर-आंबेगावकडच्या एखाद्या जत्रेत फड लागला असेल, तर सिनेमाच्या गाण्याची फर्माईश न करता गण संपेपर्यंत शांत बसावे, वग मागावा, आणि ढोलकीवाल्याचे नाव विचारून घ्यावे. त्याचे नाव कोठे लिहिलेले नसते. निदान ऐकणाऱ्याच्या स्मरणात तरी राहावे.