चौघांची शिष्यवृत्ती

वडनेर हे वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातले, नागपूरहून दक्षिणेकडे जाणाऱ्या महामार्गावरचे गाव. संगीताच्या इतिहासग्रंथांत त्याचे नाव शोधण्यात अर्थ नाही. तरीही आरंभ आम्ही तेथूनच करतो, कारण हा रस्ता आम्हांला महत्त्वाचा वाटतो. वडनेरहून आणखी दक्षिणेस गेले, वर्धा नदी ओलांडली, की पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा लागते. पं. उल्हास कशाळकरांचा जन्म तेथला, १९५५ सालचा. वडिलांकडून आरंभीची तालीम, मग नागपूर विद्यापीठात संगीताचे शिक्षण, पुढे मुंबई-ठाण्याकडे राम मराठे आणि गजाननबुवा जोशी यांचे मार्गदर्शन, आकाशवाणीतील नोकरी आणि १९९३ पासून कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत गुरुपद. विदर्भातल्या लहान गावातून निघालेला एक गायक कोठवर जाऊ शकतो, याचा हा नकाशा ठळक आहे. पण याच रस्त्यावरच्या एखाद्या गावातील चौघांनी, एकाने नव्हे, एकत्र वाजवणारे चौघे म्हणूनच पुढे जायचे ठरवले, तर त्यांच्यासाठी नकाशा आहे काय? आमच्या मते नाही. आणि तो का नाही, याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

तुलनेसाठी आधी पश्चिमेकडची व्यवस्था पाहू. युरोपीय संगीतात दोन व्हायोलिने, एक व्हिओला आणि एक चेलो यांची जी तंतुवाद्यचौकडी असते, तिला कोणी संचालक नसतो. (मराठीत ‘चौकडी’ म्हटले की ‘चांडाळ’ हे विशेषण आपोआप पुढे येऊन उभे राहते, समूहाविषयीच्या आपल्या धारणांचा तो एक पुरावाच मानावा.) अमेरिकेतील काही विद्यापीठे आणि संगीतशाळा अशा नवोदित चौकडीला पदव्युत्तर पाठ्यवृत्ती देतात. ती चौघांना मिळून असते. निवड चौकडीची होते, वेतन चौकडीला मिळते, एखाद्या प्रौढ चौकडीच्या देखरेखीखाली हे तरुण वर्ष-दोन वर्षे रोज एकत्र बसतात आणि धाकट्या विद्यार्थ्यांना शिकवतातही. न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संस्थेत १९४६ साली विल्यम शूमन यांनी संस्थेचीच चौकडी स्थापन केली. त्याच संस्थेत १९६९ साली चार जपानी विद्यार्थ्यांतून टोकियो चौकडी उभी राहिली. पुढे ती अनेक दशके येल विद्यापीठात राहिली आणि २०१३ साली विसर्जित होईपर्यंत धाकट्या चौकड्या घडवीत राहिली. म्हणजे तेथे वंशवेल आहे, पण ती गुरूकडून शिष्याकडे जात नाही. एका समूहाकडून दुसऱ्या समूहाकडे जाते.

आपल्याकडे वळताना विदर्भापासून वळणे बरे. १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि या टापूतील दरबार संपला. बडोद्यास सयाजीरावांच्या राज्यात कलावंतांचे स्वतंत्र खाते होते, मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ पासून चालू होती. कोल्हापूर, मिरज, इचलकरंजी येथेही संस्थानिकांचा आश्रय होता. वर्धा-हिंगणघाटच्या कापसाच्या मुलुखात मालगुजार होते, व्यापारी होते, गणेशोत्सव होते. पण गवयाला वर्षानुवर्षे पोसील असे घर नव्हते. येथे संगीतशिक्षण आले ते दरबारातून नव्हे, शाळेतून. आणि ती शाळा विष्णु दिगंबर पलुसकरांच्या परंपरेतली होती. नागपूरचे शंकरराव सप्रे हे पलुसकरांचे शिष्य. मूर्तिजापुरास जन्मलेले वसंतराव देशपांडे लहानपणी त्यांच्याच शाळेत शिकले.

पलुसकरांची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, तरी तिच्या एका अंगाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे आम्हांला वाटते. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेला, फटाक्याच्या अपघाताने दृष्टी गमावलेला हा मुलगा मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकला, तो संस्थानिकाच्या आश्रयावर. पुढे त्याने तो आश्रय सोडला आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. तेथे फी भरून शिकणारे विद्यार्थी होतेच. पण संस्थेचा कणा होता उपदेशक वर्ग. या वर्गातील मुलांकडून नऊ वर्षांचा करार लिहून घेतला जाई. त्या बदल्यात राहणे, जेवण, कपडे आणि विद्या विनामूल्य. पैसा कोठून येई? देणग्यांतून, आणि तिकीट लावून केलेल्या जलशांतून. १९०८ साली मुंबईस शाखा निघाली, संस्थेचा व्याप तेथे हलला, इमारत झाली, तिच्यावर कर्ज झाले आणि १९२४ साली त्या कर्जापायी इमारतीचा लिलाव झाला. पलुसकर नाशिकला गेले. १९३१ साली मिरजेस त्यांचे निधन झाले.

आजच्या भाषेत बोलायचे तर उपदेशक वर्ग ही निवासी पाठ्यवृत्तीच होती, आणि तीही मोठ्या मुदतीची. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, नारायण मोरेश्वर खरे, बा. र. देवधर अशी माणसे पलुसकरांच्या या छत्राखाली घडली. एकाच छपराखाली, एकाच शिस्तीत, वर्षानुवर्षे. कोणतीही चौकडी जमून येण्यास याहून अनुकूल परिस्थिती कल्पिता येणार नाही. तरीही त्या घरातून बाहेर पडले ते एकेकटे. खरे साबरमतीच्या आश्रमात गेले, देवधरांनी मुंबईत शाळा काढली, विनायकराव दहा वर्षे गंधर्व नाटक मंडळीत राहून १९३२ साली पुण्यात विद्यालय काढते झाले, सप्रे नागपुरास. पटवर्धन आणि व्यास यांनी मिळून गायिलेल्या ध्वनिमुद्रिका आहेत, त्या ऐकताना एकत्र वाढल्याचा अर्थ काय होऊ शकतो याची चुणूक मिळते. पण तो अपवाद. पलुसकरांना हवे होते ते प्रचारक, गावोगाव जाऊन शाळा काढणारे. आणि प्रचारक एकेकटाच पाठवायचा असतो. योजनेत दोष नव्हता. तिचा हेतूच तो होता.

मग समूह वाढला कोठे? आमचे उत्तर असे की, जेथे त्याला शिष्यवृत्ती नव्हे, पगार मिळाला तेथे. गंधर्व नाटक मंडळीत (स्थापना १९१३) तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष होते, तेही नोकर म्हणून. एकाच गायकासह, त्याच पदांवर, रात्रीमागून रात्री वाजवणे ही समूहघडणीची पहिली अट. ती नाटक कंपनीने नकळत पुरी केली. मात्र नाव मालकाचे आणि साथ ती साथच. बोलपटांनी कंपन्यांचे अर्थकारण मोडले, तेव्हा हे समूहही विखुरले. त्यांची स्वतंत्र नोंद ठेवावी असे कोणास वाटले नाही. मराठीतले संगीतविषयक लेखन पाहिले तर हे ध्यानात येईल. गोविंदराव टेंब्यांचा ‘माझा संगीत व्यासंग’, देवधरांचे ‘थोर संगीतकार’, वामनराव देशपांड्यांची ‘घरंदाज गायकी’, सारी मोलाची पुस्तके. पण त्यांतला कर्ता नेहमी एकवचनी, फार तर घराणे. एकत्र वाजवणाऱ्यांचे चरित्र हा प्रकारच आपल्या वाङ्मयात रुजला नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी याकडे जरूर पाहावे.

मराठी मुलुखाबाहेर एक वेगळा प्रयोग झाला. मैहर संस्थानात १९१८ च्या साथीत पोरक्या झालेल्या मुलांना अल्लाउद्दीन खाँ यांनी गोळा केले, एकेकाच्या हाती एकेक वाद्य दिले आणि संस्थानाच्या खर्चाने वाद्यवृंद उभारला. बंदुकीच्या नळ्यांपासून नलतरंग करण्याची कल्पकताही त्यांचीच. या वृंदासाठी खाँसाहेबांनी स्वतः रचना केल्या, हा मुद्दा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समूहाला अन्नाइतकीच रचनांची गरज असते.

खरीखुरी तंतुवाद्यचौकडी मात्र महाराष्ट्रात झाली होती. मेहली मेहता हे मुंबईचे पारशी व्हायोलिनवादक, जन्म १९०८. त्यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि १९४० साली बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट स्थापन केले. चौकडीचा सराव घरीच चाले आणि त्या सुरांत आपले बालपण गेले, असे त्यांचे चिरंजीव झुबिन यांनी सांगितले आहे. त्या काळच्या मुंबईत पाश्चात्त्य वादनाला वादकांची वाण नव्हती. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून आलेली पिढी शहरात होती. उपजीविकेसाठी ती हॉटेलांत, नृत्यगृहांत आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवीत होती. उणीव होती ती चौघांना एकत्र बसवून पोसणाऱ्या घराची. मेहली मेहता १९४५ साली न्यूयॉर्कला इव्हान गलामियन यांच्याकडे शिकण्यास गेले, परत आले, पुन्हा १९५५ साली इंग्लंडात मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात दाखल झाले आणि दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या कर्टिस चौकडीत गेले.

ही कर्टिस चौकडी कोणती? १९२४ साली मेरी लुईस कर्टिस बोक यांनी फिलाडेल्फियात काढलेल्या संगीतसंस्थेत, जेथे १९२८ पासून शिक्षण विनाशुल्क आहे, १९२७ साली विद्यार्थ्यांची एक चौकडी जमली. बोक कुटुंबाच्या निवासस्थानाचे नाव ‘स्वस्तिक’ होते; त्यावरून तिचे नाव स्वस्तिक चौकडी पडले. जर्मनीतून त्या चिन्हाला निराळाच वास येऊ लागला आणि १९३२ पासून ती कर्टिस चौकडी झाली. म्हणजे आपल्या गावी चौकडी टिकवू न शकलेला मुंबईचा वादक अखेर बसला तो एका संस्थेने पन्नाशी-साठीपूर्वी नव्हे, अवघ्या तीस-बत्तीस वर्षांपूर्वी विद्यार्थिदशेत पोसलेल्या चौकडीत. मुंबईच्या चौकडीत आणि फिलाडेल्फियाच्या चौकडीत कलागुणांचे अंतर किती होते, याचा निवाडा आम्ही करीत नाही. आश्रयाचे अंतर मात्र उघड आहे.

स्वातंत्र्यानंतर शिष्यवृत्त्या वाढल्या, हे मान्य केलेच पाहिजे. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सांस्कृतिक प्रतिभाशोध शिष्यवृत्ती १९८२ पासून आहे. अठरा ते पंचवीस वर्षांच्या तरुण कलावंतांसाठी केंद्र सरकारची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. तिची रक्कम दरमहा ५,००० रुपये आणि संख्या ४०० अशी ठरलेली आहे. कोलकात्याची संगीत रिसर्च अकादमी १९७७-७८ मध्ये उभी राहिली, तेथे गुरू आणि शिष्य एकाच आवारात राहतात. निवृत्तीबुवा सरनाईकांसारखे मराठी गवई तेथे गुरू होते. या सर्वांत निवड एकाची आणि तालीम एका गुरूकडे. समूहांसाठीही एक सरकारी योजना आहे, रंगमंडळांना व वाद्यवृंदांना अनुदान देणारी. पण तिचेही नाव गुरू-शिष्य परंपरेवरून ठेवलेले आहे, आणि मानधनाची रचना एक गुरू व त्याचे शिष्य अशीच. समवयस्क चौघे, ज्यांत कोणी कोणाचा गुरू नाही, त्या चौकटीत कोठे बसतात?

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. हिंदुस्थानी संगीत हे मुळातच एकाच्या मनोधर्माचे संगीत. चौघांनी आयत्या वेळी एकत्र विस्तार कसा करायचा? हायडनपासून युरोपीय रचनाकारांनी चौघांसाठीच लिहिले म्हणून तेथे चौकडी झाली. आपल्याकडे लिहिलेच नाही. हे खरे आहे. पण मैहरला लिहिले गेले तेव्हा वृंद झाला, हेही खरे आहे. १९५२ साली दिल्ली आकाशवाणीवर रविशंकरांच्या हाताखाली वाद्यवृंद निघाला, त्यानंतर पन्नालाल घोषांनी तो सांभाळला आणि त्या निमित्ताने रचनाही झाल्या. समूह आधी की संगीत आधी, हा वाद घालीत बसलो तर दोन्ही होणार नाहीत, आणि आजवर बहुधा तेच झाले आहे.

वडनेरच्या टापूत समूहाची जाण नाही असेही नव्हे. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) १९३५ साली मोझरीस गुरुकुंज उभारले आणि त्यांच्या खंजिरीच्या भजनाने विदर्भातील गावोगाव भजनी मंडळे धरली. खंजिरी, टाळ, पेटी, मृदंग आणि एकमेकांकडे कान लावून बसलेली दहा-बारा माणसे. शेतीची कामे आटोपून रात्री जमणाऱ्या या मंडळांना कोणी पाठ्यवृत्ती दिली नाही. तरी भजनस्पर्धा झाली की बक्षीस मंडळाच्या नावाने लागते, बुवाच्या नव्हे. त्याच मंडळात टाळ धरून वाढलेली मुले-मुली हिंगणघाटला किंवा नागपूरला संगीत विषय घेऊन पदवीला बसतात, किंवा गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात. तेथे गाणाऱ्याला गुण मिळतात. साथीला बसलेल्या तबलजीला त्या दिवशी गुण नसतात. त्याची परीक्षा वेगळी, त्याचा दिवस वेगळा, आणि त्या दिवशी त्याच्याशेजारी लेहरा धरायला पेटीवर आणखी कोणी तिसराच असतो.