इंटरनेटवरील आरोग्यविषयक माहिती: विश्वासार्हता कशी पडताळावी?

कोणत्याही आजाराविषयी इंटरनेटवर क्षणार्धात विपुल माहिती उपलब्ध होते. मात्र तज्ज्ञांनी तपासलेला मजकूर आणि विक्रेत्याची जाहिरात पडद्यावर शेजारी शेजारी, बहुधा सारख्याच रूपात दिसतात. त्यामुळे ही माहिती कोणी दिली, कशाच्या आधारे दिली, केव्हा दिली आणि तिच्यातून कोणाचा लाभ होतो, हे चार प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

माहिती देणारा कोण?

भारत सरकारच्या संकेतस्थळांचे पत्ते सामान्यतः ‘जीओव्ही डॉट इन’ अथवा ‘एनआयसी डॉट इन’ या अक्षरांनी संपतात. ‘डॉट ओआरजी’ हा शेवट मात्र विश्वासार्हतेचा पुरावा नव्हे. तशा पत्त्याची नोंदणी कोणालाही करता येते. लेखकाचे नाव, त्याची पात्रता आणि संस्थेचा पत्ता नसलेल्या मजकुरावर विसंबून राहू नये.

आधार कोणता आणि केव्हाचा?

गोवर, गालगुंड आणि रुबेला प्रतिबंधक लसीचा स्वमग्नतेशी संबंध असल्याचे सुचवणारा शोधनिबंध १९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो अवघ्या १२ मुलांच्या निरीक्षणांवर आधारित होता. डेन्मार्कमधील पाच लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात असा संबंध आढळला नाही. ‘द लॅन्सेट’ने तो निबंध २०१० मध्ये पूर्णपणे मागे घेतला. तरीही त्यातील दावा आजही प्रसारित होत असतो. म्हणूनच, एखाद्या संशोधनाचा दाखला दिला असेल, तर त्यात किती रुग्णांचा समावेश होता, नंतरच्या अभ्यासांनी त्याला पुष्टी दिली का आणि मजकूर केव्हा अद्ययावत केला, हे पाहावे.

लाभ कोणाचा?

मधुमेह, कर्करोग आदी आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना ‘औषधे व जादूटोणादि उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४’ अन्वये मनाई आहे. ‘मुळापासून उच्चाटन’, ‘शंभर टक्के खात्री’ अशी भाषा, बरे झालेल्या रुग्णांचे अनुभव आणि त्याखालीच खरेदीची सोय आढळल्यास सावध व्हावे.

अशा दाव्यांवरील विश्वास जिवावर बेतू शकतो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. अशा रुग्णाने इन्सुलिन घेणे थांबवल्यास अल्पावधीतच रक्तातील आम्लता धोकादायक पातळीपर्यंत वाढते आणि तातडीने उपचार न झाल्यास मृत्यू ओढवू शकतो.

इंटरनेटवरील माहिती डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न तयार करण्यासाठी उपयुक्त आहे. सुरू असलेले औषध थांबवणे, त्याची मात्रा बदलणे किंवा नवे औषध घेणे, हे निर्णय मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत. स्रोत आणि दिनांक नसलेला आरोग्यविषयक संदेश पडताळणी केल्याविना इतरांना पाठवू नये.