गुन्हा कृतीत असतो की कायद्यात?

मुळशी तालुक्यात लवळ्याला फ्लेम हे लिबरल आर्ट्सचं विद्यापीठ आहे. अशा ठिकाणी समाजशास्त्र आणि गुन्हेगारीशास्त्र सोबत शिकताना हे दोन विषय नेमके कुठे भेटतात? उत्तर याच तालुक्याच्या इतिहासात आहे.

टाटांना मुंबईच्या विजेसाठी इथे धरण हवं होतं. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार दिला. १९२१ च्या रामनवमीला मावळातले शेतकरी बांधकामावर जाऊन बसले. स्वतःच्या जमिनीसाठी बसणं गुन्हा ठरलं, माणसं तुरुंगात गेली. १९२४ पर्यंत लढा संपला, धरण झालं. पुढे रेल्वे अडवल्याबद्दल पां. म. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. आज पुण्यात सेनापती बापट रस्ता आहे.

मी विज्ञानाचा विद्यार्थी. आम्लता द्रावणातच असते, मोजली की कळते. गुन्ह्याचं तसं नाही. हॉवर्ड बेकरने १९६३ मध्ये ‘आउटसायडर्स’मध्ये मांडलं, की विचलन हा समाजाने मारलेला शिक्का असतो.

म्हणून जुनी पोलीस फाईल उघडली, की ‘याने असं का केलं?’ हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला प्रश्न: याला गुन्हा कोणी ठरवलं, कोणत्या कायद्याने, आणि त्यातून फायदा कोणाचा झाला?