सीईटीत कमी गुण आणि वकिलीची वाट

विधी अभ्यासक्रमाच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की अंबरनाथच्या शिवमंदिर परिसरापासून बदलापूर-कुळगावपर्यंत अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. गुण अपेक्षेपेक्षा कमी आले. आता अर्ज भरावा, की वर्ष सोडून परीक्षा पुन्हा द्यावी? वकिलीची परंपरा नसलेल्या घरात हा प्रश्न अधिक अवघड होतो, कारण कमी गुण म्हणजे अपात्रता असा समज तिथे पटकन होतो. वस्तुस्थिती तशी नाही.

महाराष्ट्रात विधी प्रवेशासाठी २०१६ पासून राज्यस्तरीय सीईटी घेतली जाते. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ही परीक्षा स्वतंत्रपणे होते. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. पात्रतेची अट बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांवर आधारलेली आहे. बारावी किंवा पदवीला खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांसाठी ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात. सीईटीत उत्तीर्णतेची रेषा नाही. परीक्षा दिलेली असावी आणि गुण शून्य नसावेत, एवढेच पाहिले जाते. सीईटीतील कामगिरीने ठरते ते रांगेतील स्थान. उलट बाजूही तितकीच खरी आहे. बारावीला ८५ टक्के असले तरी गुणवत्ता यादीत त्यांचा उपयोग नाही, कारण यादी सीईटीवरच लागते.

पर्सेंटाइलवरूनही बराच गोंधळ होतो. ७० पर्सेंटाइल म्हणजे ७० टक्के गुण नव्हेत. परीक्षा देणाऱ्या शंभरांपैकी साधारण सत्तर जण आपल्या बरोबरीने किंवा मागे आहेत, असा त्याचा अर्थ. हा आकडा चांगला की वाईट, हे कोणते महाविद्यालय हवे यावर अवलंबून असते. १८५५ साली सुरू झालेल्या मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयासाठी किंवा पुण्याच्या आयएलएससाठी तो अपुरा पडेल. मात्र राज्यातील सगळ्या जागा या दोन ठिकाणी नाहीत. मुंबईतील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा मार्ग तर पूर्णपणे वेगळा आहे. तिथे ‘क्लॅट’ लागते, राज्याची सीईटी चालत नाही.

अंबरनाथ-बदलापूरच्या विद्यार्थ्यासमोरचा नकाशा रेल्वेमार्गाने आखलेला आहे. उल्हासनगरात मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेले नारी गुरसहानी विधी महाविद्यालय अंबरनाथहून पुढच्याच स्थानकावर आहे. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचे टीएमसी विधी महाविद्यालय आहे. चर्चगेटला जायचे तर अंबरनाथहून एका बाजूचाच प्रवास दीड तासाच्या पुढे जातो, आणि सकाळचे वर्ग गाठण्यासाठी पहाटेची लोकल पकडावी लागते. बार कौन्सिलच्या नियमांत ७० टक्के हजेरीची अट आहे. दूरच्या नामांकित महाविद्यालयात नाव घालून वर्गाकडे न फिरकणे हा मार्ग कागदावर जितका सोपा वाटतो तितका तो नाही. ज्याला रोज तीन तास लोकलमध्ये उभे राहायचे आहे, त्याने जवळच्या महाविद्यालयाला कमी लेखू नये.

उल्हासनगरच्या संदर्भात आणखी एक बाब आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या कल्याण छावणीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या समाजाने उभारलेल्या संस्थांपैकी काहींना भाषिक अल्पसंख्याक दर्जा आहे, चर्चगेटचे के. सी. विधी महाविद्यालय हे त्याचे परिचित उदाहरण. अशा ठिकाणी सिंधी भाषक विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा असतात आणि त्यांची गुणवत्ता यादी वेगळी लागते. सर्वसाधारण यादीत मागे पडलेला विद्यार्थी तिथे पुढे येऊ शकतो. शेजारच्या गल्लीतील मित्राला आपल्यापेक्षा कमी गुणांवर जागा मिळाली, याचे कारण बहुधा अशा एखाद्या तरतुदीत सापडते.

कमी गुण असलेल्यांचे खरे नुकसान बहुतेक वेळा परीक्षेनंतर होते. पहिली चूक पसंतीक्रमाची. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत तीन-चार मोठी नावे भरून थांबणारा विद्यार्थी फेरीमागून फेरी रिकामा राहतो. पसंतीक्रम लांब ठेवल्याने वरच्या पसंतीची संधी कमी होत नाही, त्यामुळे जिथे शिकायची तयारी आहे ती सर्व महाविद्यालये भरावीत. जिथे जायचेच नाही ते मात्र भरू नये. दुसरी चूक कागदपत्रांची. जातीचे प्रमाणपत्र, जात पडताळणी, नॉन-क्रीमिलेअर, अधिवास यांपैकी आवश्यक असलेला कागद वेळेत सादर न झाल्यास आरक्षित प्रवर्गातील उमेदवार खुल्या यादीत ढकलला जातो. काठावरच्या गुणांना हा धक्का सोसत नाही.

तिसरी बाब सर्वांत महाग पडणारी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी आहे. केंद्रीभूत फेऱ्या संपल्यावर उरलेल्या जागा आणि व्यवस्थापन कोट्यातील जागा संस्था आपल्या स्तरावर भरतात. ‘शेवटी कुठेतरी मिळेलच’ हे वाक्य याच फेरीच्या भरवशावर उच्चारले जाते. मिळतेही. परंतु शासनाच्या शुल्क सवलतींचा लाभ प्रामुख्याने केंद्रीभूत प्रक्रियेतून आलेल्यांनाच मिळतो. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय झाला, त्यातही व्यवस्थापन कोटा व संस्था स्तरावरील प्रवेश वगळले आहेत. म्हणजे दुसऱ्या फेरीत मिळालेले साधे महाविद्यालय नाकारून संस्था स्तरावर थोडे नावाजलेले घेणारी मुलगी पाच वर्षांची सवलत गमावू शकते. हा हिशेब घरात बसून कागदावर मांडायला हवा, आणि तोही फेरीची मुदत संपण्यापूर्वी.

राहिला प्रश्न वर्ष सोडण्याचा. सीईटीचा गुणांक त्याच वर्षीच्या प्रवेशापुरता ग्राह्य असतो, त्यामुळे पुन्हा बसायचे तर सारे नव्याने. गुण कमी का आले, यावर उत्तर अवलंबून आहे. बारावीच्या परीक्षेच्या धावपळीत सीईटीची तयारीच झाली नसेल आणि लक्ष्य शासकीय विधी महाविद्यालयासारखे असेल, तर वर्षाला अर्थ आहे. दोन वर्षे शिकवणी लावूनही आकडा हलला नसेल, तर तिसऱ्या वर्षी तो हलण्याची शक्यता कमीच. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने हेही पाहावे की प्रश्नपत्रिका मराठीतही उपलब्ध असते. इंग्रजीचा विभाग मात्र इंग्रजीतच सोडवावा लागतो, आणि गुण बहुधा तिथेच गळतात. तो विभाग सुधारण्यासाठी वर्षभर घरी बसण्याची गरज नाही.

बारावी झालेल्यांसाठी मधला मार्ग उपलब्ध आहे. उल्हासनगरचे चांदीबाई किंवा तलरेजा, बदलापूरचे आदर्श अशा महाविद्यालयांत पदवी घ्यावी आणि नंतर तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी सीईटी द्यावी. एकूण काळ पाचऐवजी सहा वर्षे होतो, म्हणजे वर्ष सोडून पाच वर्षे शिकण्याइतकाच. हाती मात्र एक स्वतंत्र पदवी राहते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचे आकर्षण पाहता हा पर्याय फारसा कोणी सुचवत नाही, हे आश्चर्यच. पदवीधर नोकरदाराचे गणित निराळे. नियमांनुसार विधीचे वर्ग सकाळी आठ ते सायंकाळी सात या वेळेतच भरवता येतात. रात्र महाविद्यालयाची अपेक्षा न ठेवता त्याने नोकरीच्या वेळेशी जुळणारे जवळचे महाविद्यालय शोधावे.

‘जागा वाढतील, पुढच्या वर्षी सोपे जाईल’ असाही एक तर्क ऐकू येतो. बार कौन्सिलने ऑगस्ट २०२५ मध्ये काही अपवाद वगळता नव्या विधी महाविद्यालयांना तीन वर्षांची स्थगिती दिली. त्या तर्काला त्यामुळे फारसा आधार उरत नाही.

पदवी हाती आल्यावर सीईटीचा गुणांक कोणी विचारत नाही. सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल देते. सनदेचे नोंदणी शुल्क खुल्या प्रवर्गासाठी ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा अधिक घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते. घटनापीठाने २०२३ मध्ये तिची वैधता मान्य केली आहे. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा लागू केली, त्यामुळे न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यालाही आधी वकिलीच्या खोलीत बसावे लागते.

ती खोली या पट्ट्यात दूर नाही. उल्हासनगरच्या बांधकामांचे नियमितीकरण, त्यासाठीचा २००६ चा कायदा, बदलापूरच्या गृहनिर्माण संस्थांचे मानीव अभिहस्तांतरण, औद्योगिक वसाहतीतील कामगारांचे दावे, वालधुनीच्या प्रदूषणाचे खटले अशी कामे इथे आहेत. त्यांतील बरीचशी मराठीत चालतात आणि अशिलाशी तर मराठी, सिंधी किंवा हिंदीतच बोलावे लागते. उल्हासनगर आणि कल्याणची न्यायालये आधीपासून आहेतच. २०२५ मध्ये अंबरनाथजवळ चिखलोली येथेही न्यायालय सुरू झाले. सकाळचे वर्ग आटोपून दुपारी ज्येष्ठ वकिलाकडे उमेदवारी करायची असेल, तर जवळच्या महाविद्यालयातून ते शक्य होते. चर्चगेटहून परतणाऱ्याची दुपार गाडीतच संपते.