मुंबईच्या किनाऱ्यावरचे धर्मवाद
मुंबईतील जाहीर धर्मवादांना 1830 च्या सुमारास रंग चढला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्याशी मोरभट दांडेकर यांनी हिंदू धर्माच्या बाजूने वाद घातला आणि आपली बाजू 1831 मध्ये पुस्तकरूपाने मांडली. खरी गर्दी लोटली ती 1857 च्या पूर्वार्धात. हिंदू धर्मोपदेशक विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनारी वेदोक्त धर्मावर बोलत, मिशनरी प्रश्न विचारत आणि बावा तिथल्या तिथे उत्तर देत. ईश्वराचे स्वरूप, सृष्टीची उत्पत्ती, पाप, मोक्ष असे गहन विषय सामान्य श्रोत्यांसमोर आले, हे या वादांचे मोठेच महत्त्व. मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी हे वाद इंग्रजीत छापले. पुढे ते मराठीतही निघाले. धर्माची अशी जाहीर चिकित्सा नंतरही चालू राहिली: समाजसुधारक आगरकरांच्या ‘सुधारक’ या वृत्तपत्राने 1888 पासून धर्माला थेट बुद्धीच्या कसोटीवर घासले.